मुलांची तयारी

२६ ऑक्टोबर, रविवार
चंदन नेहमीसारखा जेवायला आला. जेवणानंतर गॅलरीत मला म्हणाला की क्षितिज त्याचा रूममेट नाही, चार वर्षं ते दोघं एकत्र आहेत, जोडीदार म्हणून. धाकट्या भावाने एवढ्या विश्वासाने सांगितलं. मी अतिशय शांतपणे घेतलं. ‘बरं’ म्हणालो आणि गाडीत हवा भरायला गेलो. परत आल्यावर एकच विनंती केली: मुलांना आत्ता कळायला नको. स्वानंदी तेरा वर्षांची, ध्रुव आठ. मी त्यांना नीट समजावतो, तोवर रविवारी येऊ नकोस. तो बंगळुरी कन्नडमध्ये ‘सरी, अण्णा’, म्हणजे ‘बरं, दादा’, म्हणाला आणि पान न खाता गेला.
बायको, महानंदा, संध्याकाळभर माझ्याशी बोलली नाही. दिवाळीच्या कामाने थकली असावी.

२९ ऑक्टोबर
ऑफिसात चाळीस जणांना ट्रेनिंग देतो. दोन मुलांचं काय एवढं. एक्सेलमध्ये पाच मुद्दे काढले. शनिवारी उरकतो.

१ नोव्हेंबर, शनिवार
मुलांना इंदिरानगरला डोसा खायला नेलं. विषय सहज काढायचा म्हणून म्हणालो, बघा, मसाला डोसा, सेट डोसा, रवा डोसा, सगळे डोसेच. ध्रुव म्हणाला, रवा डोसा मला आवडत नाही. मी म्हणालो, असं म्हणायचं नसतं. स्वानंदीने विचारलं, पप्पा, आपण नक्की कशाबद्दल बोलतोय? मी बिल मागवलं.
पहिला मुद्दा झाला असं धरायला हरकत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
चंदन आला नाही. ठरल्याप्रमाणे. ध्रुवने दहा वाजताच बुद्धिबळाचा पट मांडला आणि एकपर्यंत दारासमोर बसून राहिला. मी खेळू का विचारलं. नको म्हणाला.
स्वानंदीची युनिट टेस्ट आहे. अशा वेळी विषय काढणं बरोबर नाही.

१४ नोव्हेंबर, सकाळ
चंदनचा फोन. त्याने आणि क्षितिजने देवनहळ्ळीला फ्लॅट घेतलाय. २३ला वास्तुशांत. मुलांना आणशील का, म्हणाला. मी म्हणालो, मुलांची अजून तयारी नाही. तो म्हणाला, ‘मुलांची, की तुझी?’ मी म्हणालो, रिंग रोडवर आहे, आवाज तुटतोय. बेळ्ळंदूरला रेंज खरंच वाईट असते. आज मात्र बरी होती.

१९ नोव्हेंबर
ध्रुवच्या टीचरचा मेसेज. तीन आठवडे डबा अर्धा परत येतोय, वर्गात गप्प बसतो. महानंदाने त्याला जवळ घेऊन विचारलं. काका शेवटचा आला त्या रविवारी काकाच्या लॅपटॉपवर त्याच्या हातून दूध सांडलं होतं. काका तेव्हापासून येत नाही, म्हणजे काका आपल्यावर रागावला, असं त्याने धरलंय. लॅपटॉप बिघडला की माणसं कायमची जातात का, असं तिला विचारत होता.
महानंदा मला म्हणाली, ‘शनिवारपर्यंत तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते. आणि का उशीर झाला तेही सांगते.’
मी म्हणालो, शनिवारचंच ठरवलं होतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
दुपारी दोघांना समोर बसवलं. एक्सेल उघडलं आणि बंद केलं. म्हणालो, चंदनकाका आणि क्षितिजचं एकमेकांवर प्रेम आहे, मी आणि आई राहतो तसे ते राहतात. संपलं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.
ध्रुवने विचारलं, मग तो माझ्यावर रागावलेला नाही? मी नाही म्हणालो. तो रडायला लागला. स्वानंदीने त्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाली की तिला हे सातवीपासून माहीत आहे, तिने काकालाच विचारलं होतं. मी म्हणालो, मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, ‘तुम्ही कसे वागाल ते माहीत होतं.’
मग ध्रुवने विचारलं, रागावला नाही तर येत का नाही?
याचा मुद्दा मी काढला नव्हता. म्हणालो, मी नको म्हटलं होतं. ‘का?’ म्हणाला.
तुमच्यासाठी, असं सांगायचं होतं. तोंडातून आलं नाही. माहीत नाही म्हणालो.

२३ नोव्हेंबर, रविवार
सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून चंदनला फोन केला. म्हणालो, सगळं सांगून झालं, निघतोय. तो म्हणाला, ‘वहिनी आणि मुलांना पाठव. तू आज नको, अण्णा.’ आवाज चढवला नाही. क्षितिज मागून काहीतरी विचारत होता, त्याला कन्नडमध्ये ‘येतो’ म्हणाला आणि फोन ठेवला.
कॅबपर्यंत सोडायला खाली गेलो. महानंदाने मुलांना आत बसवलं आणि दार लावून घेतलं.
पाच वाजता परत आले. ध्रुव बडबडत होता. नवीन घरात त्याला बुद्धिबळासाठी टेबल आहे. क्षितिजने होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, वाढल्या, तीन खाल्ल्या. लॅपटॉप व्यवस्थित चालतो, काकाने लावून दाखवला.
मी विचारलं, काकाने माझ्याबद्दल काही विचारलं का?
ध्रुवने अगदी मनापासून आठवून बघितलं. मग नाही म्हणाला.