झऱ्याजवळ सहा जणांसाठी जागा

२ फेब्रुवारी

ह्यांना २२ मार्चला सत्तर पूर्ण होतील. काय हवं, म्हणून विचारलं. म्हणाले, झऱ्याकाठी दोन दिवस, तंबूत, सगळे मिळून. सत्तरीला तंबू! गुडघा कुणाचा दुखतो मग? पण ह्या माणसाने आजवर स्वतःसाठी रुमालसुद्धा मागितलेला नाही. नाही म्हणवेना.

जागा निवडायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मुलगा म्हणाला की फोटो बघून ठरवू. फोटोत संडास दिसत नाहीत, म्हटलं. एकोणतीस वर्षं मुलींचं वसतिगृह सांभाळलं आहे मी, मला शिकवू नको.

माणसं मोजली. आम्ही दोघं, मुलगा, सून, दोन नातवंडं. सहा. ह्यांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला.

"सहाच?"

मी उशांचे अभ्रे बदलायला उठले. कालच बदलले होते.

५ फेब्रुवारी

लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

धाकट्या लेकीने दोन वर्षांपूर्वी बँकेतली नोकरी सोडली, राहती जागा सोडली आणि एक व्हॅन घेतली. आत पलंग, शेगडी, टेबल. तीच घर, तेच ऑफिस. लोकांच्या वेबसाइट करते आणि गावोगाव हिंडते. निघताना निरोप घ्यायला आली तेव्हा मी दारातच सांगितलं, "परत यायचं तर तो डबा विकून ये."

विकला नाही. आली नाही.

रविवारी बाबांना फोन करते. हे फोन घेऊन बाल्कनीत जातात, मागे दार लावून घेतात. आत आले की मी न विचारताच सांगतात, बरी आहे. सर्दी होती, गेली. मी विचारलेलं नसतं. ऐकून मात्र घेते.

शब्दाची पक्की आहे कार्टी. कुणावर गेली, ते ह्यांनी सांगायची काही गरज नव्हती. सांगितलं तरी.

११ फेब्रुवारी

पहिली जागा. गरम पाण्याचा झरा, जाहिरात मोठी. आम्ही दोघंच गेलो. आधी संडास पाहिले. सोळा तंबूंना दोन! एकाची कडी तुटलेली, आतून दोरी बांधून काम भागवलेलं. नळ सोडला तर आधी हवा आली, मग गंज, मग पाणी. मालक मागे मागे फिरत होता. शेवटी हळूच विचारलं, "मॅडम, आपण तपासणीला आलात का?" हो म्हणायचा मोह झाला.

झरा चांगला होता, पण काठाला कठडा नाही आणि पाणी असं की हात बुडवला तर लाल होतो. नात सात वर्षांची, नातू चार. बाद.

परत येताना हे म्हणाले, तिथे गाड्या लावायला जागाच नव्हती. आपली छोटी गाडी कुठेही मावते, असं मी म्हटलं.

१९ फेब्रुवारी

दुसरी जागा. झरा सुंदर, वाट बकऱ्यांसाठी. हे अर्ध्यातच दगडावर बसले आणि वर म्हणाले, इथून फार छान दिसतं. समोर भिंत होती. बाद.

२६ फेब्रुवारी

आज मुलगा, सून, नातवंडं सगळेच आले. जागा सापडली!

झरा खडकातून येतो, थंड, खाली उथळ ओहोळ होऊन पसरतो. पाणी नातवाच्या घोट्यापर्यंत. त्याने पाच मिनिटांत दोन्ही चपला पाण्यात सोडल्या, मुलाने एक धरली. तंबूंची जमीन सपाट — बाटली आडवी ठेवून पाहिली, घरंगळली नाही. संडास सहा. कड्या सहा. साबणसुद्धा! व्यवस्थापक बाई माझ्याहून खडूस आहेत. रात्री नऊनंतर आवाज नाही, उष्टं झऱ्यात धुवायचं नाही, कुत्रं बांधायचं. मला फार आवडल्या.

ओहोळाच्या पलीकडे गाड्यांचं आवार. झाडांखाली आखलेल्या जागा, प्रत्येकीला विजेचा खांब आणि पाण्याचा नळ. सहा-सात घरगाड्या उभ्या होत्या. मला तिकडे काही काम नव्हतं. गेले.

एका गाडीबाहेर माझ्याच वयाची एक बाई कपडे वाळत घालत होती. निवृत्त परिचारिका. नवरा गेल्यावर घर भाड्याने देऊन निघाली, तिसरं वर्ष. आत या म्हणाली. गेले. इतक्या वर्षांची सवय, डोळे आपोआप कोपरे शोधतात. एकही कोपरा घाण नाही. डब्यांना पट्टे लावलेले, गाडी वळली तरी पडू नयेत म्हणून. चादरीची घडी चौकोनी, कडा आत. अशी घडी मी मुलींना शिकवायचे. धाकटीला सहाव्या वर्षीच यायची, शिकवलेल्या मुलींपेक्षा नीट.

नावं ठेवायला काही सापडलं नाही. शेवटी दाराचा कोयंडा ओढून पाहिला. दणकट. आतून दोन कड्या.

"एकटीला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"पहिले दोन महिने वाटली. मग सवय झाली. फोन करायला कुणी असलं की पुरतं." मग सहज म्हणाली, "तुमच्याकडे राहतं का कुणी असं गाडीत?"

नाही म्हटलं.

चहा पिऊन निघाले.

२७ फेब्रुवारी

काल खोटं बोलले. तेही दुसऱ्याच्या घरात बसून. घरच होतं ते.

२ मार्च

आरक्षणाचा अर्ज घेऊन बसले. तंबू दोन. माणसं — इथे पेन अडलं. हे समोर पेपर वाचत होते, म्हणजे एकच पान धरून बसले होते.

"एक विचारू?" म्हणाले. "वसतिगृहात दार बंद झाल्यावर एखादी मुलगी आली, तर काय करायचीस?"

"दार उघडायचे. आणि चांगली झापायचे."

"आधी काय करायचीस?"

पेपर उलटा आहे, एवढं सांगितलं. खरंच उलटा होता.

सात लिहिलं. पुढचा रकाना: गाडी असल्यास लांबी. ह्यांना विचारलं. माहीत नाही म्हणाले. दोन वर्षं दर रविवारी बोलतात आणि गाडीची लांबी माहीत नाही! की मुद्दाम? काय ते त्यांनाच ठाऊक.

३ मार्च

सकाळी अकराला फोन केला. माझ्या फोनवरून. दोनदा वाजला आणि लगेच उचलला.

"आई? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. गाडीची लांबी किती?"

मागे कुठेतरी पक्षी ओरडत होते.

"कशाला?"

"अर्जात विचारलंय. झऱ्याजवळ जागा घेतोय, बावीस तारखेला. सपाट आहे, सावली आहे, वीज आहे. मी पाहून आले."

"सहा मीटर," म्हणाली. मग, "आई, मी गाडी विकलेली नाही."

"बरं केलंस. नाहीतर जागा वाया गेली असती."

ती हसली की रडली, फोनवर कळलं नाही. मी ठेवून दिला. चष्मा सापडेना, तो डोळ्यांवरच होता. मग अर्ज वाचला तर खालच्या ओळीत होतं: झाडांमुळे उंचीही लिहावी. अर्ज शेवटपर्यंत न वाचणाऱ्या मुलींना मी दारातून परत पाठवत असे!

४ मार्च

पुन्हा फोन केला. उंची दोन मीटर ऐंशी. येतेय. रुंदी अर्जात विचारलेली नाही. उद्या विचारते.