कणखर पेशींचा मामा

ता. ४ जून

चि. प्रोफेसरास, अ. उ. आ.

तुझा पेपरातला लेख वाचला. यीस्टला आधी थोडे किरण दिले की त्याच्या पेशी दुरुस्तीला सरावतात आणि पुढचा मोठा माराही सोसतात, हे वाचून ऊर भरून आला. पण तो आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनीही वाचला. एक्स-रे खोलीचं शिशाचं दार नीट लागत नाही आणि फटीसमोरच माझं टेबल. दुरुस्ती करा म्हणून मी त्यांच्या मागे लागले होते. आता ते म्हणतात, तुमचा भाऊच सांगतोय की थोड्याने जीव कणखर होतो. टेबल हलवायला जागा नाही आणि मला तिसरा महिना आहे. मामा होणार आहेस, तेव्हा त्यांना जरा नीट समजावून सांग.

अजून तरी लोभ असलेली,
ताई

ता. ११ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

बातमी वाचून उडीच मारली. लेखाचं मात्र मनावर घेऊ नकोस. सरावतात त्या जगलेल्या पेशी. मेलेल्या आम्ही धुऊन टाकतो. ते लिहायला लेखात जागा नव्हती. शिवाय यीस्ट म्हणजे काही माणूस नव्हे, पोटातलं बाळ तर नव्हेच. पण तुमच्या डॉक्टरांनी मला चौदा तारखेला व्याख्यानाला बोलावलंय, सत्कारही करणार आहेत. तिथे उलटं बोलणं बरं दिसणार नाही. नंतर हळूच त्यांच्या कानावर घालतो. तोवर टेबल जरा तिरकं करून बस. भावजींना नमस्कार.

आशीर्वादाची वाट पाहणारा,
धाकटा

ता. १६ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद, सवयीने.

व्याख्यान झकास झालं. थोड्याला घाबरू नका असं तासभर सांगितलंस, टाळ्या घेतल्यास आणि कानावर घालायचं सोयीस्कर विसरलास. म्हणून खोली दाखवायच्या निमित्ताने मी तुला आणि मोठ्या डॉक्टरांना आत नेलं आणि मशीन चालू असल्याचा लाल दिवा लावला. मशीन बंदच होतं. तू मोठ्या डॉक्टरांना ढकलून अशी धूम ठोकलीस की बाहेरच्या नर्सबाई भिंतीला चिकटल्या. डॉक्टर चष्मा सावरत दाराकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळीच कारागीर हजर.

दार आता घट्ट लागतं. तुझे भावजी म्हणतात, काम झालं ना, मग सोडून दे. सोडलं असतं रे. पण तू पळालास तेव्हा मी आतच होते, आणि तू मागे वळूनही पाहिलं नाहीस.

लोभ पूर्वीसारखा ठेवायचा प्रयत्न करणारी,
ताई