आईचं वेगळं ताट

९ नोव्हेंबर १९९३, वर्तकनगर

दादाचं हे नेहमीचंच. विचारायचं नाही, करून मोकळा. आज गावाहून चुलतभाऊ सुन्या आला, म्हणतो, "दादाने काकीचं ताट वेगळं काढलंय. पडवीत जेवते. वहिनी पोराला तिच्या मांडीवर बसू देत नाय. म्हणते, तूच तसं लिहिलंस."

लिहिलं मीच. ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाई म्हणालेल्या, कॅन्सरच्या गाठीतून बारीक बारीक पिशव्या सुटतात, रक्तातून फिरतात, दुसरीकडे गाठ धरायला जागा करत असाव्यात, म्हणून आईला तपासायला आणत जा. मी दादाला पत्रात नुसतं लिहिलं, आईच्या गाठीतून पिशव्या सुटतात, पसरतात. कुठे पसरतात ते राहिलंच.

वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून हाफ डे टाकून परत बाईंना गाठलं. विचारलं, दुसऱ्याला लागतं का?

"अरे, तिच्याच अंगात फिरतात त्या. ताटातून, कपातून काही लागत नाही. जवळ बसा तिच्या."

मग वॉर्डात मी काय केलेलं? तिने उरलेला अर्धा चहा पुढे केला, तर मी म्हणालो पोट भरलंय. आता हे ताट. काय वाटत असेल तिला? आणि त्या पिशव्या आत कुठवर पोचल्या असतील, ते तर बाईंनाही सांगता येत नाही.

उद्या मनीऑर्डर करतो. कुपनावर एवढंच लिहीन: आजार लागत नाही, ताट आत घ्या, दादाने आईला घेऊन इकडे यावं आणि बाईंच्या तोंडून ऐकावं. दोघांचं एसटीचं भाडं धरून अडीचशे रुपये.