शेवटच्या ओळीची माती

बाबा,

गेल्या वर्षी संत्र्याच्या शेवटच्या ओळीतल्या वाटीभर मातीत मुळांचा रस शोषणारे दोन हजार एकशे चाळीस सूत्रकृमी मी मोजले होते. तुम्ही म्हणालात, "कसले कृमी? झाडं म्हातारी झालीत, तोडून टाकू." झेंडूच्या मुळांनी हे कृमी मरतात म्हणून मी झाडांच्या मधल्या जागेत तो लावला तेव्हा काकू हसली, "पोरगी शिकून फुलवाली झाली!"

माझ्याशी बोलत नसलात तरी एवढं ऐका. करवतवाला आज सकाळी येईल. त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. एकही झाड पडणार नाही! सगळ्यांना नवी, निरोगी पांढरी मुळी फुटलीय, स्वतः उकरून बघा. फक्त फावडं धुतल्याशिवाय नव्या रोपांकडे नेऊ नका, त्याला चिकटलेल्या मातीतूनच हे कृमी पसरतात. मी झेंडूचं बी आणायला गेलेय.

काल त्याच ओळीतल्या वाटीभर मातीत एकशे ऐंशी निघाले.