बांगड्या कोणी उतरवल्या

चांदा,
रविवार, ११ नोव्हेंबर १९५६

तीर्थरूप बाबांना चंदाचा साष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रात माझ्याकडून एक गोष्ट चुकीची लिहिली गेली, ती आधी दुरुस्त करते. इथल्या दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी मला बांगड्या उतरवायला लावल्या असं मी लिहिलं होतं. तसं नाही. "या खोलीत आवाज नको," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. बांगड्या मी आपण होऊन उतरवल्या. तुम्ही ते पत्र माझ्या सासरी जाऊन सासूबाईंना वाचून दाखवलंत आणि त्या गावभर सिस्टरबाईंना शिव्या देत फिरतात, हे इथे भेटायला आलेल्या शेजारच्या लटारूभाऊंकडून कळलं. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

आता आनंदाचं. यांचा जबडा उघडला. काल नाकातली नळी काढली आणि यांनी वाटीभर पेज तोंडाने घेतली. धोका टळला, असं डॉक्टरांनी सांगितलं. इतक्या दिवसांनी यांचा पहिला शब्द काय, तर "मीठ नाई." मला रडू आलं, तर म्हणतात, "मीठ नाई म्हून रडून राह्यली का वं?"

तुम्ही घाबराल म्हणून बरंचसं लिहिलं नव्हतं. तलावात जाळं ओढताना यांच्या पायात काटा गेला, त्याचा धनुर्वात झाला. खोलीला काळे पडदे होते. भांडं वाजलं तरी यांचं अंग कमानीसारखं वाकायचं, श्वास अडकायचा. सिस्टरबाई अनवाणी चालत. दिवसरात्र कोणी ना कोणी यांच्या श्वासाकडे बघत बसलेलं असायचं. एकदा तोंड पुसायला मी हात पुढे केला आणि बांगड्या किणकिणल्या. यांचा चेहरा निळा पडला. सिस्टरबाईंनी घशातला कफ नळीने ओढून काढला, तेव्हा कुठे श्वास परत आला.

बांगड्यांना फडकं गुंडाळून पाहिलं, तरी आवाज येई. मग नळावर जाऊन, साबण लावून, एकेक उतरवली. घरधनी जिवंत असताना हात रिकामे करायचे नसतात, हे मला त्या वेळी आठवत होतं, बाबा. विसरले असं मी सांगणार नाही. पण त्यानंतर माझ्या हातामुळे यांना एकदाही झटका आला नाही.

आज यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "तुहा रिकामा हात पाह्यला मी तवा. मले वाटलं, मी मेलो. अन् मेल्यावरबी हे बाई माहं तोंड पुसूनच राह्यली." सिस्टरबाईंना इतकं हसू आलं की सवयीने त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग आता हसायला मोकळीक आहे हे आठवून पुन्हा हसल्या.

हे म्हणतात, "बजारातून बांगड्या भरून घे. माह्या बुढीले कायले सांगते?" पण मग दोष सिस्टरबाईंवरच राहील. सासूबाई मला घराबाहेर काढतील, ही भीती आहेच. तसं मी बोलले, तर हे म्हणतात, "काढलं तं मीबी येतो संग. जाळं मात्र तू उचलजो."

हे पत्र सासूबाईंना वाचून दाखवू नका. मुलगा बोलायला लागला एवढंच सांगा आणि त्यांना शुक्रवारच्या मोटारीत बसवून द्या. शुक्रवारी, १६ तारखेला, मी मोटारीपाशी उभी राहीन. यांच्याकडे नेण्याआधी बांगड्या कोणी उतरवल्या, ते त्यांना माझ्या तोंडाने सांगेन.

तुमची, भ्यालेली आणि फार सुखी,
चंदा