शांत केलेली वस्ती

प्रिय दादा,

तुझ्या आठवणींचं बाड मिळालं. सोबत तू लिहिलंयस, ‘मास्तरीणबाई, शुद्धलेखन तेवढं बघा, लढाया मी लढलोय.’ शुद्धलेखन बघितलं. सातव्या प्रकरणापाशी मात्र गाडं अडलं. ‘नदीकाठची वस्ती शांत करण्यात आली.’ वाक्य ओळखीचं वाटलं, आणि वाटणारच. इतकी वर्षं मी लॅटिनमधून तेच मराठीत आणतेय. माझा रोमन सेनापती गावं जाळतो आणि लिहितो, मुलूख शांत केला. शत्रू लपून चालून आला तर कपटी, आपण गेलो तर चतुर. आपल्याला मागे सरावं लागलं तर म्हणे छावणी हलवली. पहिल्या खर्ड्यात मी वैतागून सरळ ‘कत्तल केली’ असं लिहिलं होतं, आठवतं? माझ्या अनुवादातला लष्करी तपशील तू तपासायचास. तांबड्या पेन्सिलीनं ते खोडलंस आणि म्हणालास, तो जे म्हणाला तेच लिही, तुझा राग तळटिपेत घाल. आपला वाद इतका रंगला की वहिनीनं विचारलं, तुमचे रोमन जेवायला थांबणार आहेत का, म्हणजे कणीक वाढवते. तुझं बरोबरच होतं. मी त्याचा शब्द ठेवला आणि खाली टीप दिली, किती मेले आणि किती गुलाम म्हणून विकले गेले.

तुझ्या प्रकरणाला टीप नाही. वाटलं, मी उगाच कीस पाडतेय का? तिथे मी नव्हते. तुझ्या दिशेनं गोळ्या आल्या, माझ्या दिशेनं फार तर वर्गातले खडू. तुला जोखणारी मी कोण? रोजनिशीत हे लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. पण त्या मोहिमेनंतरच्या सुट्टीत तू घरी आलास आणि ओट्याला टेकून आईला जे सांगितलंस, ते मी तिथेच भांडी पुसत ऐकलंय. आग लावण्याआधी घरांना बाहेरून कड्या घालायचा हुकूम तुझा होता. आईनं तुझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, झालं गेलं, आता कुठे बोलू नकोस. तू पहिल्यापासून आज्ञाधारक मुलगा. बोलला नाहीस.

मीही नसतेच बोलले, आपलं घरच तसलं. पण काल तुझ्या लेकीचा फोन आला. माझ्याआधी तिनं बाड वाचलंय, बापाच्या कौतुकानं पोरगी नुसती फुललीय. सैन्यभरतीच्या मुलाखतीत हीच मोहीम सांगणार म्हणाली. मग सहज विचारलं, आत्या, वस्ती शांत करतात म्हणजे नेमकं काय करतात गं? बाबा म्हणाले आत्याला विचार, शब्द हा तिचा प्रांत. असेलही, दादा. हुकूम तुझा होता. रविवारी ती माझ्याकडे राहायला येतेय. त्याआधी तिला समोर बसवून तू सांग. तू नाही सांगितलंस, तर मी सांगेन. पण आत कोण कोण होतं असं तिनं विचारलं, तर ते मला माहीत नाही. त्यासाठी तिला तुझ्याकडेच परत पाठवावं लागेल.

अजूनही तुझीच,
धाकटी