परळचा शिक्का

नानाखेडा, उज्जैन
१२ जून १९९४

चि. सौ. सुलूला ताईचे भरभरून आशीर्वाद, आणि जरासा राग.

राग अशासाठी की तू पाठवलेल्या कादंबरीनं काल माझी डाळ करपवली. तिकडे भार्गवीबाई दिवाणाच्या पेल्यातलं विष नुसतं हुंगून ओळखतात, आणि इकडे मला माझ्याच स्वयंपाकघरातला वास आला नाही! हे म्हणाले की शिंदेशाहीतल्या खुनाची सजा आम्हाला का म्हणून. पण कमालच आहे हं त्या बाईची. वैद्याची विधवा लेक, घरच्यांच्याही खिजगणतीत नाही, आणि सगळ्या दरबाराला पुरून उरते. तिच्याकडे कुणी बघत नाही, म्हणूनच तिला सगळं दिसतं. हे मला फार पटलं.

एक शिकायत मात्र आहे. लेखकानं तिला भर वैशाखात नावेतून क्षिप्रा ओलांडायला लावली. अगं, वैशाखात आपल्या क्षिप्रेत गुडघाभर पाणी तरी असतं का? दोनशे वर्षांपूर्वी होतं, असं तू म्हणशीलच. म्हण, आणि नेहमीसारखं चार पानं भांड. खुनी मी नव्वदाव्या पानावर ओळखला. तू कितव्या? या खेपेला समासात तुझ्या पेन्सिलीची एकही खूण नाही. न वाचताच पाठवलंस की काय?

प्रकाशरावांना नमस्कार, केतकीला गोड पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
अहल्या

पुणे
३ जुलै १९९४

ती. ताईला सुलूचा वाकून नमस्कार.

पत्र केतकी लिहून घेते आहे. माझं मनगट मुरगळलं आहे, काळजीचं काही नाही. आम्ही सगळे मजेत. लोणचं घालून झालं. नावेचं तू म्हणतेस तसंच असेल, उज्जैनचं तुलाच जास्त ठाऊक. खुनी मलाही साधारण तिथंच कळला. भाऊजींना नमस्कार.

आहे तसा लोभ राहू दे.

तुझी,
सुलू

नानाखेडा, उज्जैन
२५ जुलै १९९४

चि. सुलू, आशीर्वाद.

तुझं पत्र मी सात वेळा वाचलं. वाद न घालता माझं म्हणणं मान्य करणारी सुलू मला माहीत नाही. वर पुणे लिहिलंस, पण पाकिटावर शिक्का मुंबईचा, परळचा. गेल्या हफ्त्यात देवास गेटच्या बूथवरून तीनदा फोन केला. एकदा प्रकाशराव म्हणाले की तू भाजीला गेलीस, एकदा म्हणाले झोपलीस, आणि तिसऱ्यांदा म्हणाले हळदीकुंकवाला गेलीस. ऐन आषाढात कुणाकडे गं हळदीकुंकू? खोटं बोलता येत नाही त्या भल्या माणसाला. शेवटी वाक्य अर्धवट सोडून त्यांनी फोन ठेवला.

परळच्या त्या मोठ्या इस्पितळात लोक कशासाठी जातात, ते मला कळतं. मुरगळलेल्या मनगटासाठी जात नाहीत. सुलू, मी चुकले असेन तर मला हस, मूर्ख म्हण. पण डॉक्टर काय म्हणाले ते स्वतःच्या हातानं लिही.

वाट बघत,
ताई

पुणे
२ ऑगस्ट १९९४

ताई,

तू चुकली नाहीस. पोटात गाठ आहे, फेब्रुवारीत कळलं. चिरलं, औषधं झाली, आता ती पसरली आहे. दिवाळी दिसेल असं डॉक्टरांना वाटत नाही.

तुला का सांगितलं नाही, ते ऐक. इथं जो तो माझ्याकडे बघून आधी डोळे पुसतो, मग बोलतो. मी एकाच ठिकाणी धडधाकट होते, तुझ्या पत्रांत. तिथं डाळ करपत होती, तू लेखकावर चिडत होतीस, आणि मी तुझी भांडकुदळ धाकटी बहीण होते. उत्तराला जोर उरला नव्हता, पण तुझं पत्र रोज उशाशी असायचं. तू ओळखलंस आणि ती जागाही गेली.

रागावले नाही गं. ये तू. येताना पुस्तकं आण, आणि दारात रडू नकोस.

तुझीच,
सुलू

नानाखेडा, उज्जैन
२० ऑक्टोबर १९९४

चि. केतकीला मावशीचे पोटाशी धरून आशीर्वाद.

बाळा, तू विचारलंस की तुझ्या अक्षरामुळे आईचं गुपित फुटलं का. नाही गं. तू आईचं ऐकलंस, एवढंच. शोध मी लावला. कादंबऱ्यांत शोध लागला की बाईचं कौतुक होतं, पुस्तक संपतं. इथं माझ्या हुशारीनं तुझ्या आईला शेवटची मोकळी जागा सोडावी लागली, हे मनातून जात नाही.

पुण्यातल्या त्या पाच आठवड्यांत मी तिला दोन पुस्तकं वाचून दाखवली. भार्गवीबाईंनी खुन्याला भर दरबारात खोटं पाडलं, तेव्हा तिनं अंथरुणात बसायचा हट्ट धरला होता, आठवतं? जाण्याच्या चार दिवस आधी दुपारी तू औषधं आणायला गेलीस, तेव्हा तिनं माझा हात धरला. म्हणाली, बरं झालं ताई, तू ओळखलंस. लपवून लपवून मी थकले होते.

ते खरं होतं, की जाताना तिनं माझी समजूत काढली? मी तिच्या चेहऱ्याकडे खूप वेळ बघत राहिले. मला ओळखता आलं नाही.

दिवाळीला बाबांना घेऊन इकडे ये. सण करायचा नाही, नुसती ये.

तुझी,
मावशी